दुसरी गोळी

औषधांचं दुकान तिच्या वडिलांनी काढलं तेव्हा त्या रस्त्यावर दुसरं काहीच नव्हतं. पुढे रस्ता भरत गेला. गॅरेज आलं, चष्म्याचं दुकान आलं, शाळा आली. औषधांचं दुकान मात्र एकच राहिलं. वडील गेल्यावर काउंटरमागे ती उभी राहू लागली. रीतसर शिकलेली होती. डॉक्टरांचं कसलंही अक्षर तिला लागायचं, आणि लोक तर म्हणायचे की डॉक्टरांना स्वतःला न लागलेलं अक्षरही ताईंना लागतं. सगळे तिला ताईच म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा.

काउंटरच्या खालच्या खणात वडिलांचं रिव्हॉल्व्हर असायचं. पूर्वी एकदा दुकानात चोर शिरले होते आणि त्यांनी वडिलांच्या डोक्यात सळई घातली होती, त्यानंतर वडिलांनी परवाना काढला. पुढे तो तिनं आपल्या नावावर करून घेतला. नवरा म्हणाला होता, कशाला ती ब्याद. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. ती म्हणाली, दुकानात मी एकटी असते. 

परवान्यासाठी शिकावं लागलं. शिकवणारा फौजेतून निवृत्त झालेला होता, तो नेहमी दोन-दोन गोळ्यांचा सराव करून घ्यायचा. पहिल्या गोळीला हात कापतो, म्हणून एकीवर थांबायचं नाही, असं त्याचं सांगणं. समोर पुठ्ठ्याचा माणूस उभा असायचा. तिचा नेम बरा होता आणि तिला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा. पुठ्ठ्याचा माणूस कधी पाठ फिरवत नाही, हे त्या वेळी कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

तो मुलगा तिच्या ओळखीचा होता. गोदामात माल उतरवायचं काम करायचा. खांदा दुखावला तेव्हा डॉक्टरांनी त्याला भारी वेदनाशामक लिहून दिलं, आणि ते तिनंच त्याला दिलं होतं, दिवसातून दोनदा जेवणानंतर असं समजावून. खांदा बरा झाला, पण औषध सुटलं नाही. जुनी चिठ्ठी घेऊन येऊ लागला, मग दुसऱ्याच्या नावाची, मग चिठ्ठीशिवाय. तिनं नाही म्हणायला सुरुवात केली. तो कधी हसून निघून जायचा, कधी काउंटरवर मूठ आपटून.

त्या दुपारी रस्ता सुस्तावला होता. शाळा सुटायला वेळ होता, गॅरेजवाला गाडीखाली पडला होता. मुलगा आला, त्यानं औषध मागितलं, ती नेहमीसारखी नाही म्हणाली. तो गेला नाही. काउंटरची फळी उचलून आत आला तेव्हा त्याच्या हातात खोकी कापायचं कटर होतं. एका हातानं त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला कपाटाकडे ओढू लागला. तिनं हिसका दिला तसं कटर तिच्या दंडावरून फिरलं. रक्त आधी दिसलं, दुखलं नंतर. तिची पाचावर धारण बसली होती. मोकळा हात खणात कधी गेला ते तिचं तिलाही समजलं नाही.

पहिली गोळी खोकल्याच्या औषधांच्या मांडणीत घुसली. बाटल्या फुटल्या आणि लाल चिकट पाक दोघांच्या अंगावर उडाला. तिचे केस सुटले. तो वळला. आणि दुसरी गोळी सुटली.

तो काउंटरच्या फळीपाशीच कोसळला. रिव्हॉल्व्हर बाजूला टाकून ती त्याच्याजवळ बसली आणि हाताला लागतील ते कापसाचे गठ्ठे फोडून त्याच्या कमरेवर दाबू लागली. पाक कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. चष्मेवाला दारात येऊन थिजला होता. त्याच्यावर ती ओरडली तेव्हा कुठे तो रुग्णवाहिकेला फोन करायला धावला. मुलगा शुद्धीवर होता.

"ताई, माझे पाय कुठेत?" त्यानं विचारलं.

"आहेत. आहेत रे. हलू नकोस."

"नाहीत," तो म्हणाला, आणि मग लहान मूल झोपेत रडतं तसा बारीक आवाजात रडू लागला.

पोलिसांनी रिव्हॉल्व्हर जप्त केलं, तिच्या दंडावरच्या टाक्यांचे फोटो काढले, तिला दिवसभर बसवून ठेवलं. पण तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. उलट एक शिपाई हळूच म्हणाला की बाई, आमच्या बहिणीनंही हेच केलं असतं. तिचा दीर वकील होता. त्यानं केस हातात घेतली. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. त्यात मुलगा वळलेला दिसत होता, पण कशासाठी वळला ते दिसत नव्हतं. कटर त्याच्या हातून निसटून फळीपाशी पडलं होतं. पळायला वळला असेल, कटर उचलायलाही वळला असेल. त्याचा चेहरा आणि हात कपाटाआड गेले होते.

"वहिनी, तो परत तुमच्यावर येणार असं तुम्हाला वाटलं. बरोबर?" दिरानं विचारलं.

"मला आठवत नाही, भाऊजी. बाटल्या फुटल्या तिथपर्यंत आठवतं. पुढचं नाही."

"आठवत नाही असं कोर्टात म्हणायचं नाही. वाटलं असं म्हणायचं."

"पण वाटलं की नाही, तेच तर…"

"जिवावर बेतलेलं माणूस असलं काही सोन्याच्या काट्यावर तोलत बसत नाही. कायदाही तशी अपेक्षा करत नाही. तुम्ही फक्त वाटलं म्हणा, बाकीचं माझ्यावर सोडा."

तिनं कोर्टात तसंच सांगितलं. न्यायाधीशांनी तिच्या दंडावरचा व्रण पाहिला, चित्रण पाहिलं, आणि तिनं स्वसंरक्षणासाठीच गोळी झाडली असा निर्वाळा दिला. दिरानं कोर्टाच्या पायऱ्यांवर तिच्या नवऱ्याला मिठी मारली. मुलाच्या मणक्याचा चुरा झाला होता आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं होतं, हे डॉक्टरांनी त्याच कोर्टात त्याच दिवशी सांगितलं होतं.

लोकांना मात्र तिचं कौतुक वाटायचं. शाळेतल्या बाई मुलींना घेऊन आल्या आणि म्हणाल्या, बघा गं, अशी हिंमत पाहिजे. गॅरेजवाल्यानं तर विनोदच करून ठेवला. ताईंशी हुज्जत घालू नका हो, मागाल त्या गोळीऐवजी न मागितलेली मिळेल. तो विनोद रस्ताभर फिरला. लोक काउंटरवर हात वर करून उभे राहायचे आणि म्हणायचे, ताई, डोकेदुखीवर एक गोळी द्या, पण हातात द्या. ती हसायची, दुकानदारानं हसावं लागतं म्हणून. हळूहळू तिच्या बोलण्यातून गोळी हा शब्दच गेला. ती टॅबलेट म्हणू लागली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला टॅबलेट कळेना, तेव्हा तिनं पाकीट उघडून त्याला बोटानं दाखवलं, पण शब्द उच्चारला नाही.

घरात त्यावर कुणी बोलत नसे. नवरा तिच्याआधी उठून चहा करून ठेवू लागला होता, एवढाच फरक. मुलगी कॉलेजात जाण्याच्या वयाची होती. एकदा भांडी पुसता पुसता तिनं मान वर न करता विचारलं, "आई, तो पळत होता का?"

"माहीत नाही गं."

"कोर्टात तर तू…"

"कोर्टात वेगळं असतं."

मुलीनं हातातली थाळी पुसून जागेवर ठेवली. पूर्वी ती सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन खोकी लावायची, त्यानंतर आली नाही. परीक्षा झाल्यावर मावशीकडे शिकायला जाते म्हणाली, आणि गेली. भांडण नाही, अबोला नाही. फोन यायचा, जेवलीस का, झोपलीस का, सगळं विचारायची.

त्या मुलाची आई पहिल्यांदा दुकानात आली त्या दिवशी बरीच गर्दी होती. बाई आपल्या पाळीची वाट बघत उभी राहिली. ताईनं तिला कोर्टात मागच्या बाकावर बसलेली पाहिलं होतं. काडीसारखी बारीक, शिवणकाम करणाऱ्या बायकांचे असतात तसे खांदे पुढे आलेली. घरी शर्टांना काज-बटणं करून द्यायची. पाळी आल्यावर तिनं हॉस्पिटलची चिठ्ठी पुढे केली. लघवीची नळी, पिशव्या, पाठीला लावायचं मलम, ड्रेसिंगच्या पट्ट्या. 

ताईनं सगळं काढून दिलं. बाई पैसे देऊ लागली तसं तिनं मान हलवली.

"घ्या," बाई म्हणाली. "फुकट दिलंत तर मला परत येता यायचं नाही."

"तुम्ही कशाला येता? मी कुणाच्या तरी हाती पाठवत जाईन."

"मीच येईन. बाजारातल्या दुकानात जाऊन यायचं तर बस करावी लागते. तितका वेळ तो एकटा पडतो. घसरला तर उठवायला कोणी नाही. इथून मी लगेच परत जाते." हे तिनं कुणालाही सांगावं तसं सांगितलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ताईला बरं वाटलं असतं.

बाई येत राहिली. दोघींमध्ये बोलणं असं नव्हतंच, पण चिठ्ठ्या बोलायच्या. रुग्ण न बघता त्याचं दुखणं कळणं हा ताईचा धंदाच होता. मलमाची नळी मोठी झाली, म्हणजे पाठीला जखम झाली. पट्ट्यांचा आकार वाढला, म्हणजे जखम पसरली. मग तापावरचं औषध, मग जंतूंवरचं साधं औषध, मग त्याच्या वरचं. ती चिठ्ठी वाचायची आणि तिच्या डोळ्यांपुढे त्याची पाठ थोडी थोडी कुजत जायची. एकदा तिला राहवलं नाही. याला दवाखान्यात ठेवा, घरी हे बरं होणार नाही, असं ती म्हणाली. बाई म्हणाली की ठेवलं होतं, त्यांनी परत पाठवलं, आणि आता तो जायचं नाव काढत नाही. मी ड्रेसिंग करून जाऊ का, असं ताईच्या तोंडून निघून गेलं. बाईनं पाकीट पिशवीत टाकलं. मग म्हणाली, त्याला विचारते.

तो हो म्हणाला.

एकच खोली होती, स्वच्छ. भिंतीला शिलाई मशीन, त्याच्या पायाशी शर्टांचे गठ्ठे, आणि खिडकीला लावून खाट. खाटेवर तो कुशीवर होता. गोदामात पोती उचलणारे ते खांदे कुठे गेले होते कोण जाणे. त्याचं तोंड तिच्याकडे होतं, म्हणून तिला आधी त्याच्याशी बोलणं भाग पडलं. तिनं विचारलं, दुखतं का? तो म्हणाला, तिथं नाही दुखत. तिथं काहीच नाही.

आई पाणी गरम करायला मागच्या पडवीत गेली. तेव्हा ताईनं त्याला तो प्रश्न विचारला, कोर्टात वर्षभर जो फिरत होता तो. कशाला वळला होतास?

"सगळे हेच विचारतात," तो म्हणाला. "पळत होतो म्हटलं तर तुम्ही वाईट. नव्हतो म्हटलं तर मी वाईट. मला त्या वेळी औषध पाहिजे होतं, एवढंच आठवतं. तुमचे केस हातात होते ते आठवतं. वाईट वाटलं होतं त्याचं."

तो हळू आवाजात पुढे म्हणाला, "आता द्याल का?"

"काय?"

"झोपेचं. परत उठायला नको इतकं. आईचे डोळे गेलेत ताई, बटणं लावून लावून. मी आहे तोवर ती मरायचीही नाही आणि जगायचीही नाही. तुम्हालाही सुटल्यासारखं होईल."

"असं बोलू नकोस," ती म्हणाली. तिच्या स्वतःच्याच कानाला ते फार तोकडं वाटलं. मी नाही देणार. तुझ्यासाठी डॉक्टर आणते, दुखणं, झोप, मनाचं सगळं बघतात असे डॉक्टर असतात, मी उद्याच बोलते. असं ती बरंच बोलत राहिली. तो तिच्याकडे बघत होता. दुकानात चिठ्ठीशिवाय उभा राहायचा तेव्हाही असाच बघायचा. शेवटी त्यानं डोळे मिटले. आई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, आज राहू द्या, आज तो थकलाय.

ताईनं डॉक्टर खरंच आणला. त्यानं तपासलं, तो मुलाशी बराच वेळ बोलला, आणि बाहेर येऊन म्हणाला की मनाचं पुढे बघू, आधी ही जखम हाडापर्यंत गेलीय. मग मुलाला दवाखान्यात ठेवलं आणि पुन्हा घरी आणलं. मध्ये थोडे दिवस ताप नव्हता. त्या दिवसांत बाई दुकानात आली तेव्हा तिनं स्वतःहून सांगितलं की आज त्यानं खिडकी उघडायला लावली. ताईनं ते वाक्य दिवसभर जपून ठेवलं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, चांगलं झालं.

मग एका सकाळी बाई रिकाम्या हातानं आली. काउंटरपाशी गिऱ्हाइकं होती, त्यांच्यामागून तिनं सांगितलं, "तो गेला. रात्रीचा ताप डोक्यात चढला." मग म्हणाली, "आंघोळ घालायचीय. एकटीला उचलत नाही."

ताईनं गिऱ्हाइकांसमोर शटर खाली ओढलं. चष्मेवाला दारातच उभा होता. तो तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात गॅरेजवाल्याला म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. ती बाईच्या मागे चालत राहिली. बाईनं ते ऐकलं की नाही, ते तिच्या पाठीवरून कळलं नाही.

खोलीत दोघीच. बाईनं पाणी कोमट केलं होतं, मेलेल्याला गार लागेल असं वाटावं तसं. तिनं आधी त्याचा चेहरा पुसला, मग छाती, मग हात, एकेक बोट सोडवून. ताई पाण्याचं भांडं धरून उभी होती. मग बाई म्हणाली, "आता खांद्याला धरा. आणि आपल्याकडे वळवा."

तिनं धरलं आणि वळवलं. अंग हलकं होतं, आणि वळलंही सहज. त्याची पाठ वर आली.

कमरेखाली ती मोठी जखम होती, जिच्यासाठी तिनं इतकी पाकिटं बांधून दिली होती. तिच्या वर, कण्याच्या जरा डावीकडे, बोटाच्या टोकाएवढा एक जुना गुळगुळीत व्रण होता. इतका लहान. पण ती व्रणाकडे बघत नव्हती. ती पाठीकडे बघत होती. मानेखालचा तो खळगा, एक खांदा दुसऱ्याहून जरा वर, दुखावलेला. ही पाठ तिनं पाहिली होती. रिव्हॉल्व्हरच्या नळीवरून, पाकानं भिजलेल्या शर्टातून, अगदी स्पष्ट. तो दाराकडे निघाला होता आणि त्याचे दोन्ही हात डोक्यावर होते, आणखी बाटल्या फुटतील म्हणून धरावेत तसे. कटरकडे तो बघतही नव्हता. तिनं हे पाहिलं होतं, पाहून झाल्यावर मग चाप ओढला होता. एक झाल्यावर दुसरी. शिकवल्यासारखी.

"घट्ट धरा," बाई म्हणाली. "सुटतोय."

तिनं घट्ट धरलं. बाईनं पाठ धुतली, हळूहळू, जखमेच्या कडेकडेनं. झाल्यावर त्याला कोरडं केलं आणि नवा शर्ट घातला. सगळी बटणं लावून झाल्यावर बाई म्हणाली, "आता तुम्ही जा. माणसं येतील. तुम्ही दिसलात तर बोलतील, आणि मला आज कुणाचं ऐकायचं नाही." ताईला तिच्या पाया पडावंसं वाटलं, बोलावंसं वाटलं, आत्ता आठवलेलं सगळं तिथंच सांगून टाकावंसं वाटलं. पण बाईनं शर्टाची कॉलर नीट करायला घेतली होती. ती निघून आली.

मृत्यू झाला म्हणून पोलिसांना पुन्हा जबाब घ्यावा लागला. दीर म्हणाला, घाबरू नका वहिनी, नुसती रीत असते, पूर्वी सांगितलं तेच सांगा. अधिकारी वयस्कर होता, सभ्य होता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. ती पाणी प्यायली नाही.

"मला आता आठवतं," ती म्हणाली. "तो चालला होता. हात डोक्यावर होते. मी त्याची पाठ बघितली आणि मग गोळी झाडली."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. दिरानं काही बोलायला तोंड उघडलं, पण अधिकाऱ्यानंच त्याला हातानं थांबवलं.

"बाई, तुम्ही त्या मयताला हात लावून आला आहात ना?" तो म्हणाला. "असं होतं. मी या नोकरीत पुष्कळ पाहिलंय. माणूस हळवा असला की मन काहीही दाखवतं."

"मनानं दाखवलेलं नाही. मी पाहिलंय ते."

"तेव्हा नाही आठवलं, आता आठवलं?"

"हो."

"चित्रणात हात दिसत नाहीत. कोर्टानं तुम्हाला निर्दोष ठरवलंय. त्याच्या आईचीही काही तक्रार नाही, आम्ही विचारलं. मग मी हे लिहू तरी कुणासाठी?"

ती म्हणाली, माझ्यासाठी लिहा. तो खरंच कनवाळूपणे हसला. म्हणाला, घरी जा, थोडे दिवस दुकान बंद ठेवा, मुलीला बोलावून घ्या. मग त्यानं पूर्वीचाच जबाब कायम असल्याचं लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. दिरानं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. दाराबाहेर दुसरी माणसं खोळंबली होती, त्यातलं एक तान्हं मूल रडत होतं. कुणी तिला घाई केली नाही. शेवटी तिनं सही केली. सही न करून काय होईल ते तिला विचारावंसं वाटलं, पण काहीच होणार नाही हे तिला कळून चुकलं होतं.

बाहेर नवरा त्याची सामानाची गाडी घेऊन थांबला होता. मागच्या बाजूला कुणाचा तरी दुरुस्त केलेला फ्रीज दोरीनं बांधला होता. त्यानं विचारलं, झालं? ती म्हणाली, झालं. तो म्हणाला, सुटलो एकदाचे. ती शेजारी बसली. वाटेत फ्रीज पोचवायचा होता. तिसऱ्या मजल्यावर. माणूस मिळेना, म्हणून एका बाजूनं तिनंच हात लावला. जिन्यात वळताना नवरा म्हणाला, जड आहे, थांबू का जरा? ती नाही म्हणाली.